मधल्या चौदा आठवड्यांत इंटर्नशिप करावी का?

पदवीचा शेवटचा पेपर झालेला असतो, पुढच्या शिक्षणाचा प्रवेश हातात असतो आणि मध्ये तीन-साडेतीन महिने मोकळे दिसत असतात. तेवढ्यात कुठून तरी इंटर्नशिपची ऑफर येते आणि आपण फार विचार न करता हो म्हणून मोकळे होतो. मीही झाले होते. मी रसायनशास्त्राची. मास्टर्स सुरू होण्याआधी माझ्याकडे चौदा आठवडे होते, त्यातले दहा मी एका रंग बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत घालवले. पुढे पीएचडीच्या आधी पुन्हा तशीच ऑफर आली, दिसायला पहिलीपेक्षा चांगली, आणि ती मी नाकारली. पहिलीचा थोडा पश्चात्ताप आहे, दुसरीचा अजिबात नाही. आता दरवर्षी दोन-तीन ज्युनिअर्सचा फोन येतो, "ताई, करू की नको?" त्यांना तुकड्यातुकड्यांत जे सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

पहिला प्रश्न मी उलटा विचारते. तू अर्ज करायच्या आधी आहेस की प्रवेश मिळाल्यानंतर? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा घोळ त्या एक समजल्यामुळे होतो.

अर्ज अजून करायचा असेल, तर इंटर्नशिपला त्या अर्जात काम असतं. चार महिने तुम्हाला रोज पाहिलेल्या माणसाचं शिफारसपत्र आणि वर्गात तुम्हाला शेवटच्या बाकावर पाहिलेल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र यांत वाचणाऱ्याला लगेच फरक कळतो. मात्र मग ती अर्जाच्या मुदतीआधी पुरेशी झालेली हवी. अमेरिकेतल्या बऱ्याच पीएचडी कार्यक्रमांची मुदत डिसेंबरच्या आसपास असते, त्यामुळे नोव्हेंबरात सुरू केलेल्या इंटर्नशिपमधून कसलं पत्र मिळणार? अर्जासाठी एखादं वर्ष थांबणार असाल तर परीक्षांची मुदतही पाहून ठेवा. जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे दोनच. काम आवडलं म्हणून एका वर्षाची दोन झाली आणि टोफेल पुन्हा द्यायची वेळ आली, असं होतं.

प्रवेश मिळालेला असेल, तर गणित पालटतं. ज्या समितीला तो सीव्ही दाखवायचा होता तिनं निर्णय देऊन टाकलेला आहे. पुढे नोकरी देणारे तुमची नवी पदवी, तिच्यातलं काम आणि त्या काळातल्या इंटर्नशिप्स पाहतात. नव्या पदवीआधीचे आठ-दहा आठवडे सीव्हीच्या तळाला सरकतात आणि एक दिवस जागा अपुरी पडली की गळून जातात. माझे तसेच गेले. तेव्हा प्रवेशानंतर "सीव्हीसाठी करतेय" हे कारण मी मोजतच नाही. उरतात चार कारणं: एखाद्या प्रश्नाचं उत्तर, एखादं कौशल्य, एखादा माणूस आणि पैसे. लेखातलं उरलेलं सगळं या दुसऱ्या गटासाठी आहे.

कागदावरचं एक वाक्य

ऑफर लेटर बाजूला ठेवा आणि कागदावर हे वाक्य पुरं करा: "ही इंटर्नशिप संपेल तेव्हा मला अमुक कळलेलं असेल, जे आज कळत नाही, आणि त्यावरून मी तमुक ठरवेन." पूर्वार्ध सगळे लिहितात. घोडं अडतं ते "त्यावरून मी तमुक ठरवेन" इथे.

"प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळेल" हे उत्तर नाही, ते मोघम आहे. "दिवसाचे सात तास एका उपकरणासमोर बसणं मला जमतं का हे कळेल, आणि जमत नसेल तर मी प्रयोगाऐवजी संगणकीय काम करणारा गाईड निवडेन", हे उत्तर आहे. "कंपनीत पीएचडी झालेली माणसं नेमकं काय करतात ते पाहीन, आणि त्यावरून मास्टर्सनंतर थांबायचं की पुढे जायचं ते ठरवेन", हेही चालेल. ठरवायची गोष्ट छोटी असली तरी हरकत नाही, एखादा ऐच्छिक विषयसुद्धा पुरतो. पण काहीच बदलणार नसेल तर तुम्ही पैशांसाठी किंवा वेळ घालवण्यासाठी करताय. पैशांसाठी करण्यात कमीपणा काही नाही, फक्त मग पैशांचा हिशेब पैशांसारखा करा, त्याला अनुभवाचा मुलामा नको.

मी हे वाक्य लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर कंपनीकडे मी फॉर्म्युलेशन विभाग, म्हणजे रंगाचं मिश्रण ठरवणारा विभाग, मागितला असता. मागितलं नाही म्हणून पहिले तीन आठवडे जुने अहवाल वर्षवार लावले.

आधीच्या इंटर्नला फोन

ज्या कुठल्या ठिकाणी जाणार असाल तिथल्या आधीच्या इंटर्नचा संपर्क मागा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ विचारा: "गेल्या वर्षी हे काम केलेल्या कोणाशी पंधरा मिनिटं बोलता येईल का?" चांगल्या ठिकाणी लगेच नाव मिळतं. टाळाटाळ झाली तर तीही माहितीच आहे.

फोनवर "कसं होतं?" असं विचारू नका. "छान होतं, शिकायला मिळालं," असंच उत्तर येतं, कारण लोक सभ्य असतात. मी विचारते, "तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तू काय करत होतास?"

पीएचडीच्या आधी जी ऑफर आली होती, तिथल्या आधीच्या इंटर्नला मी हेच विचारलं. तो हसला, मग गप्प झाला. मग म्हणाला, "खरं सांगू? मी बहुतेक माझ्या लॉगिनची वाट पाहत होतो." कंपनीच्या संगणकप्रणालीत नवीन माणसाला परवानगी मिळायला चार आठवडे लागले होते. एकूण मुदत दहा आठवडे. म्हणजे कामाचे उरले सहा, त्यातला शेवटचा सादरीकरणात गेला. ऑफर लेटरमध्ये "महत्त्वाच्या प्रकल्पावर थेट सहभाग" असं लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं, पाच आठवड्यांपुरतं खरं होतं. आणखी दोन प्रश्न विचारले: तुझं काम तू गेल्यावर कोणी वापरलं का, आणि तुझा मेंटॉर त्या काळात किती दिवस रजेवर होता. उन्हाळी इंटर्नशिपमध्ये हा दुसरा प्रश्न अगदी कळीचा, कारण इंटर्न येतात त्याच महिन्यांत कायमची माणसं सुट्टीवर जातात.

कंपनीला पाठवायच्या ईमेलमध्ये मी एवढंच विचारायला सांगते: माझं काम रोज कोण पाहणार, पहिल्या दिवशी मला कुठल्या गोष्टी वापरता येतील, शेवटी माझ्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे, आणि त्यातलं मी पुढे माझ्या अभ्यासात काय वापरू शकते. चौथ्या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. इंटर्नशिपच्या करारात गोपनीयतेचं आणि बौद्धिक संपदेचं कलम बहुधा असतं. पुढच्या थिसिसचा विषय त्याच्या जवळचा असेल तर ते कलम आधी वाचा आणि न समजल्यास होणाऱ्या गाईडला दाखवा. आपण लावलेला शोध कंपनीचा ठरला तर थिसिसमध्ये त्यावर एक ओळ लिहितानाही परवानगी लागू शकते.

त्या दहा आठवड्यांत मला मिळालं ते

न्याय म्हणून चांगलंही सांगते. चौथ्या आठवड्यात मला रंगाची श्यानता, म्हणजे दाटपणा, मोजायच्या टेबलावर बसवलं. तिथले तंत्रज्ञ निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. मी नमुना भांड्यात ओतला, स्पिंडल (उपकरणाचा फिरणारा दांडा) बुडवला, उपकरण सुरू केलं आणि आकडा वहीत लिहिला. त्यांनी वही आपल्याकडे ओढली, माझा आकडा पेन्सिलीनं खोडला आणि त्याच्या डावीकडे एक रिकामा रकाना आखला. म्हणाले, "आधी तापमान. मग आकडा." नमुना २५ अंशांवर आलेला नव्हता. मी पुन्हा वाट पाहून मोजलं तर आकडा चांगलाच वेगळा आला. शिवाय रंग घुसळला की पातळ होतो आणि ठेवला की पुन्हा घट्ट होत जातो, म्हणून किती वेगानं आणि किती वेळ फिरवलं तेही लिहायचं. दिवसभरात असे चाळीसेक नमुने, मध्ये प्रत्येक वेळी स्पिंडल पुसून कोरडा करायचा. कंटाळवाणं काम. पण मास्टर्समध्ये माझ्या बॅचच्या एका मुलाचे पॉलिमरच्या द्रावणाचे आकडे दोन महिने जुळत नव्हते, तेव्हा मी त्याच्या वहीत पहिल्यांदा डावीकडचा रकाना शोधला. तो नव्हता.

तर कौशल्य मिळालं, माणूसही मिळाला. दोन्ही ऑफर लेटरमध्ये नव्हते. म्हणून मी कधीच "कंपनीची इंटर्नशिप वाया जाते" असं म्हणत नाही. एवढंच म्हणते की असं काही मिळायला हातात काम यावं लागतं आणि शेजारी येणारं-जाणारं अनुभवी माणूस असावं लागतं. दूरस्थ इंटर्नशिपमध्ये हे शेजारपण मिळत नाही, त्यामुळे तिथे कामाची व्याख्या दुप्पट स्पष्ट हवी.

तारखा उलट्या मोजा

इथे माझे हात पोळले. इंटर्नशिप शुक्रवारी संपली, विभागाचा परिचय कार्यक्रम सोमवारी होता. मधल्या दोन दिवसांत खोली रिकामी करायची, सामान हलवायचं, प्रवास करायचा. सोमवारी दुपारी पोचले. सकाळी प्रयोगशाळा सुरक्षेचं प्रशिक्षण होऊन गेलं होतं आणि ते घेतल्याशिवाय रसायनांना हात लावायची परवानगी नव्हती. पुढची तुकडी पाच आठवड्यांनी. पाच आठवडे मी वाचनालयात बसून शोधनिबंध वाचले आणि बरोबरीचे लोक उपकरणांवर वेळ नोंदवत राहिले. दहा आठवडे प्रयोगशाळेत काढून आलेली मी, आणि प्रयोगशाळेच्या दारात उभी.

म्हणून शिक्षण सुरू होण्याच्या दिवसापासून मागे मोजा. परिचय कार्यक्रम, प्रशिक्षणं, विभागाच्या प्रवेशचाचण्या असतील तर त्या. त्याआधी राहण्याची सोय. त्याआधी प्रवास. त्याआधी किमान दोन आठवडे काहीही नाही. हे दोन आठवडे आळसाचे नाहीत. पदवीच्या शेवटच्या सहामाहीनंतर थेट कामावर आणि तिथून थेट पीएचडीच्या पहिल्या सहामाहीत उडी मारली की नोव्हेंबरमध्ये माणूस थकून बसतो. एवढं सगळं वजा करून जे आठवडे उरतात त्यांना कामाचे आठवडे म्हणा. माझ्या चौदांपैकी नीट मोजले असते तर नऊ उरले असते. मी दहांना हो म्हटलं.

व्हिसा लागणार असेल तर तारखा आणखी आवळतात. अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नवीन विद्यार्थ्याला शिक्षण सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी देशात जाता येत नाही, त्यामुळे "आधी जाऊन तिथेच उन्हाळी इंटर्नशिप करते" हा बेत बसत नाही. ज्यांनी पदवीच तिथे घेतली आहे त्यांच्यासाठी वेगळा खड्डा आहे. पदवीनंतर काम करण्याची बारा महिन्यांची परवानगी, म्हणजे ओपीटी, हातात असते, पण पुढच्या पदवीसाठी सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंद नव्या विद्यापीठाकडे हस्तांतरित झाली की परवानगी त्याच दिवशी संपते, परवानगीच्या कार्डावर पुढची तारीख छापलेली असली तरी. तेव्हा हस्तांतरणाची तारीख इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवसानंतरची ठरवून घ्या आणि ती विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी घ्या.

पात्रताही याच ठिकाणी तपासा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची आरईयू ही उन्हाळी संशोधन योजना पदवी करत असलेल्यांसाठी आहे, पदवी हातात पडलेल्यांसाठी नाही. युरोपीय आयोगाची प्रशिक्षणार्थी योजना पाच महिन्यांची असते आणि १ मार्च किंवा १ ऑक्टोबरला सुरू होते. म्हणजे ऑक्टोबरची तुकडी नव्या शैक्षणिक वर्षाच्या मध्यात जाते आणि मार्चची पकडायची तर पदवी वेळेत झालेली हवी. नाव कितीही मोठं असलं तरी दिनदर्शिकेत बसलं पाहिजे.

पैसे, आणि पैसे न मिळणं

रक्कम रुपयांत किंवा डॉलरांत न मांडता मी शंभराच्या हिशेबात मांडायला लावते. स्टायपेंड शंभर धरा. त्यातून त्या गावात राहण्याचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च, कर आणि विम्याचा मधला खंड भरून काढायचा खर्च वजा करा. पदवी संपली की विद्यार्थी म्हणून असलेला विमा बऱ्याचदा संपतो आणि नवा सुरू व्हायला अवकाश असतो, हे लोक विसरतात. माझ्या शंभरातले शेवटी अकरा उरले होते. घरी राहून शिकवण्या घेतल्या असत्या तर जास्त उरले असते. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या आकड्यापेक्षा घराजवळचा छोटा आकडा कधी कधी भारी पडतो.

विनावेतन असेल तर मी कडक होते. अमेरिकेतल्या एका चित्रपट कंपनीच्या विनावेतन इंटर्न्सनी खटला केला होता. २०१५ साली अपील न्यायालयानं त्यात असा विचार मांडला की फायदा मुख्यतः कोणाचा होतोय ते पाहायचं, आणि २०१८ मध्ये तिथल्या श्रम विभागानं हीच सात मुद्द्यांची कसोटी स्वीकारली. त्यातले दोन मुद्दे तुम्ही कुठेही असलात तरी वापरता येतात: तुम्हाला मिळणारं प्रशिक्षण शिक्षणसंस्थेत मिळेल तसं आहे का, आणि तुमचं काम पगारी माणसाची जागा घेतंय की त्याला पूरक आहे. दोन्हीची उत्तरं चुकीची आली तर तुम्ही इंटर्न नाही, फुकटचे कर्मचारी आहात. जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे, पण शिक्षण सुरू करण्याआधी दिशा ठरवण्यासाठी केलेली तीन महिन्यांपर्यंतची ऐच्छिक इंटर्नशिप त्यातून वगळलेली आहे. म्हणजे नेमकी आपल्यासारख्यांची. तिथे आकडा स्वतः विचारून घ्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिपही विनावेतन असते. तिथे जाऊ नका असं मी म्हणणार नाही, ज्याला त्याच क्षेत्रात जायचंय त्याच्या कागदावरचं वाक्य पक्कं असतं. फक्त घरचे पैसे किती लागतील ते आधी बेरीज करून पाहा.

दुसऱ्या पारड्यात काय आहे

इंटर्नशिपची तुलना लोक रिकाम्या उन्हाळ्याशी करतात. उन्हाळा रिकामा नसतो. पीएचडीच्या आधी मी होणाऱ्या गाईडला एक साधं ईमेल केलं होतं: माझ्याकडे दहा आठवडे आहेत, एक ऑफर आहे, तुम्हाला काय उपयोगी वाटेल? उत्तर दोन ओळींचं आलं. ती ऑफर त्यांच्या कामाला फारशी जवळची नव्हती आणि त्यांच्या प्रयोगशाळेत आकडेवारीसाठी आर ही संगणकभाषा वापरत, ते शिकून आलेस तर पहिली सहामाही सोपी जाईल. लॉगिनवाला फोन आणि हे ईमेल, दोन्ही एकाच आठवड्यात. मी घरी बसून सहा आठवडे रोज तीन तास आर शिकले, उरलेल्या चारांत झोपले, पोहले, आजीबरोबर राहिले. काही गाईड स्वतःच उन्हाळ्यात पगारावर लवकर बोलावतात. तसं असेल तर बाहेरच्या बहुतेक इंटर्नशिप्स त्यापुढे फिक्या, कारण गाईडशी जमतंय का हे कळण्यासारखी दुसरी माहिती नाही आणि बदलायला वेळही उरतो.

इंटर्नशिप इतकी चांगली असेल की तिच्यासाठी प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावासा वाटतोय, तर तीन गोष्टी लेखी विचारा: जागा राखून ठेवली जाईल का, आर्थिक मदतही राखली जाईल का, आणि तोच गाईड पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहे का. बहुतेकदा पहिल्याचं उत्तर हो येतं आणि दुसऱ्याचं येत नाही. अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा देतात. हे प्रश्न त्या तारखेच्या आधी विचारायचे, नंतर नाही.

नाही म्हणायचं ठरलं तर लवकर म्हणा आणि थोडक्यात म्हणा. मी लिहिलं होतं: "आपण दिलेल्या संधीबद्दल आभार. पीएचडी सुरू होण्याआधीचा वेळ मी तिच्या तयारीसाठी वापरायचं ठरवलं आहे, त्यामुळे या वर्षी येऊ शकणार नाही. पुढे पीएचडीच्या काळात आपल्याकडे काम करायला आवडेल." तिसऱ्या वर्षी मी त्यांना पुन्हा लिहिलं. त्यांनी घेतलं, आणि या वेळी लॉगिन पहिल्या दिवशी तयार असेल हे मी आधी लिहून घेतलं होतं.

हो म्हणायचं ठरलं तर तो कागद डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि तिसऱ्या शुक्रवारी उघडा. हातातलं काम त्या वाक्याच्या आसपासही नसेल तर त्याच दिवशी मेंटॉरला वीस मिनिटं मागा. तिसऱ्या आठवड्यात काम बदलून मिळतं. सातव्यात सगळे म्हणतात, आता थोडेच दिवस राहिलेत.